पाण्याच्या पेल्याला धनी हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की पाणीबचतीविषयीचे लेख आपल्या दैनिकात नेमाने येतात आणि गळक्या नळांपासून पाइप लावून गाड्या धुण्यापर्यंत बहुतेक सर्व गोष्टींचा समाचार त्यांत घेतलेला असतो. मात्र घरोघरच्या मोरीत सकाळपासून साठत जाणाऱ्या, पाणी पिऊन ठेवून दिलेल्या ग्लासांचा विषय त्यांत कधी आल्याचे माझ्या वाचनात नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ग्लास साठतात याचे कारण आळस हे नसून ओळख पटत नाही हे आहे. ओट्यावर चार सारखे ग्लास दिसले की त्यांतला आपला कोणता हे कुणालाच सांगता येत नाही, दुसऱ्याचे उष्टे नको असते, आणि मग मांडणीवरचा पाचवा ग्लास खाली येतो. पूर्वी वरून पाणी पिण्याची सवय असल्यामुळे एका तांब्या-भांड्यावर सगळ्या घराची तहान भागत असे आणि भांड्याला ओठ लागत नसल्याने ते कुणाचे, हा प्रश्नच उद्भवत नसे. आता बहुतेकजण ग्लास तोंडाला लावूनच पाणी पितात. त्यात गैर काही नाही, पण मग प्रत्येक ग्लासाला त्याचा धनी ठरवून देणे भाग आहे.

सहा माणसांच्या घरात प्रत्येकाने दिवसात चार वेगळे ग्लास काढले, तर चोवीस ग्लास होतात. एकेक घासून-विसळून घ्यायला अर्धा लिटर पाणी धरले, तरी बारा लिटर पाणी केवळ साधे पाणी प्यायलेल्या भांड्यांवर खर्च होते. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज 55 लिटरचे प्रमाण धरले आहे. म्हणजे एका माणसाच्या वाट्याच्या पाण्याचा पाचव्या हिश्श्याहून अधिक भाग इथेच संपला. आमच्या लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या उन्हाळ्यात बारा लिटरची किंमत कळलेल्या गावात राहूनही आम्ही पुन्हा ग्लासांचे ढीग लावू लागलो आहोत, हे मला खटकते. शिवाय ती भांडी घासणारे हात बहुतेक घरांत एकाच बाईचे असतात, हेही हिशेबात धरायला हवे.

आपल्याकडे भांड्यांवर नाव घालण्याची चाल जुनीच आहे. पूर्वी छिन्नी-हातोडीने ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरे उठवीत. हल्ली भांड्यांच्या दुकानात विजेच्या यंत्राने बघता बघता नाव घालून देतात. परंतु घरातली भांडी एकदा उलटून पाहिली, तर बहुतेकांवर एकच नाव दिसेल: आजोबांचे, घरमालकाचे किंवा लग्नात आहेर करणाऱ्या मामांचे, तारखेसह. शेजारी गेलेले पातेले परत यावे आणि कार्यात भांड्यांची अदलाबदल होऊ नये, यासाठी ती नावे असतात. घरातल्या घरात कोणता ग्लास कुणाचा, हे त्यांवरून मुळीच कळत नाही. ज्या एका पेल्यावर खरोखर पिणाऱ्याचे नाव असते, तो बारशाचा चांदीचा पेला कपाटाच्या आतल्या कप्प्यात असतो, हा भाग वेगळा. तेव्हा पुढच्या वेळी दुकानात जाताना रोजच्या वापरातले ग्लास सोबत न्यावेत आणि त्यांवर आडनावाऐवजी माणसांची नावे घालून घ्यावीत, एवढी साधी सूचना आहे. नाव काठाजवळ घालू नये, बुडाकडे घालावे, कारण कोरलेल्या रेघांत मळ बसतो आणि काठाला ओठ लागतो.

तरीही नाव हा उपाय मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन. पहिला क्रमांक जागेचा. माठाजवळ किंवा फिल्टरखाली एक लांबट ट्रे किंवा फळी ठेवून तिच्यावर घरातल्या प्रत्येकाची जागा ठरवून द्यावी. डावीकडून आजी, आजोबा, आई, बाबा, मुले, असा कोणताही क्रम चालेल, फक्त तो बदलू नये. पाणी पिऊन झाले की ग्लास आपल्या जागी परत आला पाहिजे. दूरदर्शनसंचाजवळ, गच्चीच्या कठड्यावर किंवा अभ्यासाच्या टेबलावर तो राहता कामा नये. नाव असलेला ग्लास भलत्या ठिकाणी पडून राहिला, तर तो शोधण्याऐवजी माणूस नवाच काढतो. उलट जागा ठरलेली असेल, तर नाव नसलेला सारखा ग्लाससुद्धा ओळखता येतो. ओल्या फळीवर ग्लास पालथा घालण्यापेक्षा तो उताणा ठेवून वर झाकणी ठेवणे मला अधिक बरे वाटते, कारण पालथ्या ग्लासात ओल कोंडते आणि त्याचा काठ फळीला टेकतो. झाकणीवर नाव किंवा खूण असली, तर दुरूनही दिसते.

वाचता न येणाऱ्या लहान मुलांसाठी आणि दृष्टी अधू झालेल्या वृद्धांसाठी अक्षरांचा काहीच उपयोग नाही. मुलांना आकार पटकन कळतो: एकाला कडीचा मग, दुसऱ्याला उभट ग्लास, तिसऱ्याला बसके फुलपात्र दिले की भांडणेही कमी होतात. वृद्धांसाठी बोटांना जाणवणारी खूण हवी. ग्लासाच्या खालच्या भागाला एकाने एक रबरबँड, दुसऱ्याने दोन, असे घातले की रात्री दिवा न लावता किंवा वीज गेलेली असतानाही आपला ग्लास हाताला कळतो. रबरबँड घासताना काढून ठेवावे लागतात, ही त्यातली अडचण. आणि ते काढून ठेवले की परत चढवायचे राहून जाते, ही त्याहून मोठी. नेलपॉलिशचा ठिपका बुडाच्या बाहेरच्या बाजूस लावण्याची युक्ती अनेकजण करतात, पण तारेच्या घासणीपुढे तो फार टिकत नाही. ज्या घरात तांब्याचे पेले आहेत, तिथे त्यांत फक्त पाणीच प्यावे. ताक किंवा लिंबाचे सरबत आंबट असल्याने तांबे त्यात उतरते, त्यासाठी स्टीलचा किंवा काचेचा पेला घ्यावा.

स्वतःचा ग्लास असण्याचा आणखी एक उपयोग आहे आणि तो मला पाणीबचतीइतकाच महत्त्वाचा वाटतो. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे वृद्ध माणसे उन्हाळ्यातही पुरेसे पाणी पीत नाहीत. याउलट हृदय किंवा मूत्रपिंडाच्या काही विकारांत डॉक्टर दिवसभरात किती पाणी घ्यायचे, याची मर्यादा घालून देतात. दोन्ही बाबतींत मोजदाद हवी, आणि दर वेळी वेगळा ग्लास घेतला तर ती होऊ शकत नाही. आपल्या ग्लासात किती पाणी मावते, हे एकदाच मोजून ठेवावे. घरात मापाचे भांडे नसले, तरी स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो, कारण एक ग्रॅम पाणी म्हणजे एक मिलिलिटर. ग्लास 200 मिलिलिटरचा निघाला, तर पाच ग्लासांचा एक लिटर होतो, हे मग आजोबांना वेगळे समजवावे लागत नाही.

आजारपणाविषयी मात्र तारतम्य हवे. सर्दी किंवा फ्लू झालेल्याचा ग्लास दुसऱ्याने वापरू नये आणि तो साबणाने नीट धुवावा, हे बरोबर आहे. एरवीही स्वतःचा ग्लास दिवसातून एकदा घासायचाच आहे आणि दूध, ताक, सरबत प्यायलेला तर लगेच. परंतु क्षयरोग हवेतून पसरतो, रुग्णाच्या ग्लासातून पाणी प्यायल्याने नव्हे. कुष्ठरोगही एकत्र जेवल्याने होत नाही आणि एचआयव्हीही भांड्यांतून पसरत नाही. असे असताना या रुग्णांची भांडी आजही काही घरांत बाजूला काढली जातात. ज्या फळीवर सगळ्यांचे ग्लास आहेत, त्याच फळीवर, त्याच रांगेत त्यांचाही ग्लास असावा.

याच ओघात जे लिहिणार आहे ते काही वाचकांना रुचणार नाही, तरीही लिहिते. घरकामाला येणाऱ्या बाईंचा कप किंवा ग्लास अनेक घरांत आधीपासूनच ‘ओळखता येतो’, कारण तो खिडकीच्या कट्ट्यावर किंवा मोरीच्या कोनाड्यात निराळा ठेवलेला असतो. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून ज्या हक्काची स्थापना केली आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद 17 ने ज्या अस्पृश्यतेचे उच्चाटन केले, त्या सगळ्यानंतर हा कोनाडा शिल्लक राहतो, ही शरमेची गोष्ट आहे. कोणता ग्लास कुणाचा हे कळावे, यासाठी केलेली खूण आणि कुणाला दूर ठेवण्यासाठी केलेली खूण या दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात. म्हणून मी सुचवीत असलेल्या पद्धतीत बाईंचा ग्लास त्याच संचातला, त्याच फळीवरचा आणि नाव घातलेला असावा, अशी अट मी मुद्दाम घालते.

पाहुणे आले की हे सगळे विस्कटते. गौरी-गणपतीत किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत घर भरले की कागदी पेले आणण्याकडे कल असतो. प्लॅस्टिकच्या एकदाच वापरायच्या पेल्यांवर महाराष्ट्रात 2018 पासून आणि देशभर 1 जुलै 2022 पासून बंदी आहे, म्हणून कागदी पेले घ्यावेत, असे लोकांना वाटते. पण सर्वसाधारण कागदी पेल्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर दिलेला असतो, हे लक्षात घेतले जात नाही. त्यापेक्षा घरातलेच स्टीलचे ग्लास काढून त्यांना कागदी चिकटपट्टी लावावी, तिच्यावर पेनाने नाव लिहावे आणि पाहुणे गेले की पट्टी काढून टाकावी. हे काम घरातल्या एखाद्या मुलाकडे सोपवले, तर तो ते मोठ्या हौसेने करतो आणि आत्याच्या ग्लासावर तिचे लाडाचे नाव लिहून मोकळा होतो.

मंगल कार्यालयांतही हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर चालतो. पाण्याच्या छोट्या बाटल्या वाटल्या जातात, दोन घोट घेऊन त्या खुर्चीखाली ठेवल्या जातात आणि अक्षता पडल्यावर उठलेल्या माणसाला परत आल्यावर आपली बाटली कोणती, हे समजत नाही, म्हणून तो दुसरी उघडतो. अर्ध्या भरलेल्या बाटल्यांचे ढीग शेवटी कचऱ्यात जातात. कार्यालयांच्या चालकांनी पाण्याच्या टेबलावर दोन-तीन मार्कर पेने दोऱ्याने बांधून ठेवावीत आणि बाटली घेतानाच वेष्टनावर नाव लिहिण्याची विनंती करणारी पाटी तिथे लावावी. येत्या लग्नसराईत एखाद्या कार्यालयाने हा प्रयोग करून पाहिला, तर त्याचा अनुभव आपल्या दैनिकाने अवश्य छापावा.

आपली विश्वासू,
एक गृहिणी, लातूर