वाय-डीएनए तुलना अहवालातील चुकीच्या मोजणीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ३७ मार्करचा सदोष तुलना अहवाल रद्द करून दुरुस्त अहवाल मिळणेबाबत

महोदय,

कुलवृत्तांताच्या कामासाठी आमच्या थोरल्या आणि धाकट्या पातीतल्या एकेका पुरुषाची ३७ मार्करची वाय-डीएनए चाचणी आपल्याकडून करून घेतली. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रावरची ठरावीक जागा म्हणजे मार्कर; तिथला छोटा तुकडा किती वेळा पुन्हा येतो तो त्याचा आकडा. तुलना अहवालात आपण दोघांतले जनुकीय अंतर, म्हणजे या आकड्यांतल्या फरकांची बेरीज, ९ दाखवून ‘पितृवंश एक नाही’ असा शेरा मारला आहे. प्रयोगशाळेच्या आकड्यांबद्दल आमची तक्रार नाही. चूक मोजणीत आहे.

अहवालाचे पान ४ समोर ठेवावे. डीवायएस ३८५ या मार्करचे आकडे एकाचे ११-१४ आणि दुसऱ्याचे १४-११ छापून आपण ३ अधिक ३ असा ६ चा फरक धरला. या मार्करच्या वाय गुणसूत्रावर दोन प्रती असतात आणि नेहमीच्या चाचणीत कोणता आकडा कोणत्या प्रतीचा हे कळतच नाही. म्हणून तर लहान आकडा आधी लिहायचा संकेत आहे. तो पाळला की दोघांचे ११-१४, फरक शून्य.

डीवायएस ३८९ चीही तीच गत. ३८९-एक १३ आणि १४, ३८९-दोन ३१ आणि ३२. आपण दोन्हीकडे एकेक मोजला. पण ३८९-दोनच्या लांब तुकड्यात ३८९-एकचा तुकडा आलेलाच असतो. तो वजा केला की दोघांचे १८ च उरतात. बदल एकच, मोजला दोनदा. राहिला डीवायएस ४५८, १५ विरुद्ध १६. हा फरक खरा, पण हा मार्कर भराभर बदलणाऱ्यांपैकी आहे.

म्हणजे अंतर ९ नव्हे, २. कागदोपत्री दोन्ही पातींचा मूळपुरुष आठ पिढ्यांमागचा. दोन्ही बाजूंचे मिळून सोळा जन्म झाले; तेवढ्यात ३७ मार्करवर दोन-तीन पायऱ्यांचा फरक पडायचाच.

धाकट्या पातीत एक दत्तकविधान आहे, दत्तक कोणाचा मुलगा हे कागदात नाही. भाऊबंदांतला असेल तर वाय तेच राहते, मुलीचा मुलगा घेतला असेल तर बदलते. आपल्या शेऱ्याने दौहित्र घेतल्याचा अर्थ निघाला, आणि भाऊबंदकीत असल्या गोष्टींना पाय फुटायला वेळ लागत नाही.

दोघांचा हॅप्लोग्रुप, म्हणजे पितृवंशाची प्राचीन शाखा, ‘आर१ए-एल६५७, निश्चित’ असाही छापला आहे. एसटीआरच्या, म्हणजे वरच्यासारख्या मार्करच्या, आकड्यांवरून आर१ए चा अंदाज बांधता येतो. एल६५७ निश्चित म्हणायला तो एसएनपी (डीएनएतल्या एका अक्षराचा बदल) प्रत्यक्ष तपासावा लागतो, जो आपण तपासलेला नाही. शेवटच्या पानावरचे ‘संभाव्य गोत्र’ कोठून आणले, देव जाणे.

फोनवर आम्हाला १११ मार्करची चाचणी घेण्याचा सल्ला मिळाला. त्यात अनेक प्रतींचे आणखी मार्कर येतात. मोजायची रीत हीच राहिली तर पैसे भरून चूक तेवढी वाढेल.

तरी पंधरा दिवसांत फेरमोजणी करून तज्ज्ञाच्या सहीचा दुरुस्त अहवाल द्यावा, एल६५७ आपल्या खर्चाने तपासावा किंवा ‘निश्चित’ हा शब्द काढावा, गोत्राचे पान वगळावे आणि तोवर उरलेले नमुने नष्ट करू नयेत. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करू.

आपले,
कुलवृत्तांत संपादन समिती

सोबत : तुलना अहवालाची प्रत, पैसे भरल्याची पावती