मेसच्या काकूंना, अक्कलदाढेच्या आठ दिवसांबद्दल

ती. काकू,
शि. सा. नमस्कार.

समोर येऊन आभार मानले असते तर ‘चल, काहीतरीच तुझं’ म्हणून तुम्ही आत निघून गेला असतात. म्हणून लिहितोय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. पुण्यात नवी पेठ, सदाशिव पेठेत माझ्यासारखी कॉट बेसिसवर (खोलीतली एक खाट भाड्यानं घेऊन) राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी कितीतरी मुलं आहेत. खोलीत गॅस चालत नाही, इंडक्शनही मालक ठेवू देत नाहीत. अशा मुलाची दाढ काढली तर त्यानं खायचं काय?

माझी डावीकडची खालची अक्कलदाढ आडवी आली होती. हिरडी कापून, दाढेचे तुकडे करून ती काढावी लागली. तीन टाके पडले. डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं होतं: कापूस पाऊण तास दाबून धरायचा, 24 तास चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉनं काही ओढायचं नाही, मऊ आणि गार खायचं. ऐकताना सोपं वाटलं. पण संध्याकाळी गाल सुजला, तोंड दोन बोटंसुद्धा उघडेना, आणि रात्रीची गोळी उपाशीपोटी घ्यायची नव्हती. मी डबा बंद करा म्हणून सांगायला तुम्हाला फोन केला. शब्द धड फुटत नव्हते. तुम्ही एवढंच विचारलंत, ‘वरची की खालची?’ आणि म्हणालात, ‘डबा बंद करायचा नाही. अर्ध्या तासात कुणालातरी पाठव.’

त्या रात्री डब्यात नाचणीसत्त्वाची खीर होती. पूर्ण गार केलेली, गुठळी म्हणून नाही, वर बदाम-काजू नाहीत. सोबत लहान चमचा आणि चिठ्ठी: ‘उजवीकडून, हळू. वाटी तोंडाला लावून ओढू नकोस.’ नाचणीच्या 100 ग्रॅमला साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, हे मी सामान्य विज्ञानात पाठ केलेलं. भुकेल्या तोंडी ती पहिल्यांदाच त्या रात्री लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूक केली. सवयीनं टपरीवर गेलो आणि वाफाळता चहा घेतला. जखमेतून पुन्हा रक्त यायला लागलं. दुपारी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही खरोखर रागावलात. काढलेल्या दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तेच त्या जखमेचं झाकण. ते निघालं तर खालचं हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत कळा जातात. डॉक्टर त्याला ड्राय सॉकेट म्हणाले होते. मी ते नुसतं ऐकलं होतं. काकांचे दात काढले तेव्हा तुम्ही ते जवळून पाहिलं होतंत, म्हणून तुमचा आवाज चढला. त्यानंतर पुढचे काही दिवस मी चहा गार करूनच प्यायलो.

मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते त्या दुपारचं वरण. मुगाची डाळ इतकी घोटलेली की चमच्यावरून सलग ओघळत होती. वास हिंगाचा आणि तुपाचा, पण वर एकही मोहरी नाही, जिरं नाही, कोथिंबिरीचं पान नाही. चाळीस-पन्नास डबे भरायच्या गडबडीत तुम्ही माझ्या वाटीभर वरणासाठी वेगळी फोडणी केली होती. ‘मोहरीचा दाणा त्या खड्ड्यात जाऊन बसला तर काढणार कसा?’ असं तुम्ही सहज म्हणालात. मी बरेच दिवस घरापासून लांब आहे, काकू. माझ्या घासातल्या मोहरीचा विचार कुणी केल्याला खूप वर्षं झाली होती.

रूममेट म्हणत होता की चार दिवस पेजेवर काढ. तुम्हाला ते पटलं नाही. ‘नुसत्या पेजेनं अंगात काय येणारे? जखम भरायला डाळ-दूध लागतं.’ म्हणून पेज दिलीत तरी तिच्यात मूग घोटलेले असायचे. पनीर हातानं कुस्करून मऊ भातात मिसळलेलं, गोडं दही, लाल भोपळा उकडून केलेलं भरीत (दाण्याचं कूट न घालता), शिजवून दुधात मोडलेलं रताळं, पिकलेली पपई. संत्र्या-मोसंब्याचा रस तुम्ही मुद्दाम टाळलात, आंबटानं जखम चुरचुरते म्हणून. तुमच्या घरात अंडं शिजत नाही, तरी तुम्हीच मला सांगितलंत की चौकातून बिनतिखटाची भुर्जी अगदी मऊ करून घे, एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. हे सांगायला मन मोठं लागतं.

आणि रविवार. रविवारी संध्याकाळी पुण्यातल्या मेस बंद, हे इथं नव्या आलेल्या मुलालाही पहिल्या आठवड्यात कळतं. त्या संध्याकाळी मी केळी आणून ठेवली होती. सात वाजता काका स्वतः जिना चढून वर आले. डब्यात मेतकूट, मऊ भात आणि तूप.

सहाव्या दिवशी डबा उघडला तर भाकरीचा वास. मी बीडकडचा, हे तुम्हाला कधीतरी बोलता बोलता सांगितलं असेन. ज्वारीची भाकरी गरम असतानाच दुधात कुस्करून, कोमट होऊ दिलेली. पापुद्रेसुद्धा वेचून काढले होते, टोचू नयेत म्हणून. आजारपणात आई अगदी असंच द्यायची. मी खाताना थांबलो आणि तिला फोन लावला. तिला बोलणं जमेना, मलाही.

आठव्या दिवशी टाके काढले. डॉक्टरांनी जखम पाहिली, छान भरतेय म्हणाले, आणि खात काय होतास ते विचारलं. मी सांगत गेलो, ते ऐकत राहिले. बाकरवडी, चिवडा, लाह्या अजून थोडे दिवस नकोत, एवढं मात्र बजावलंय.

तुम्ही या आठ दिवसांचे वेगळे पैसे घेतले नाहीत, मी दोनदा विचारलं तरी. आईनं गावाहून नव्या मालदांडी ज्वारीचं पोतं एसटीनं पाठवलंय, तुमच्यासाठी. ते आणि तुमच्या तीन वाट्या घेऊन मी रविवारी दुपारी येतो. काकांना जिना चढायला लावू नका, मी वरपर्यंत आणून देईन.

तुमचा,
डबा क्रमांक 27