सूचना : सेवांतर्गत प्रशिक्षणाच्या नोंदींबाबत

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील सभासद शिक्षकांना कळविण्यात येते की, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तासांचे व्यावसायिक विकास प्रशिक्षण घेणे अपेक्षित असल्याने, दीक्षा या शासकीय ऑनलाइन प्रशिक्षण पोर्टलवरील प्रमाणपत्रे वेळीच डाऊनलोड करून त्यांची छापील प्रत मुख्याध्यापकांकडे द्यावी. प्रमाणपत्रावरील नाव सेवापुस्तकातील नावाशी तंतोतंत जुळते का, हे आधी पाहावे. विवाहानंतर आडनाव बदललेल्या भगिनींचे वेतनश्रेणीचे प्रस्ताव बहुधा इथेच अडतात. सातपुड्यातील पाड्यांवर रेंजचा भरवसा नसल्याने तेथील सभासदांनी धडगाव, अक्कलकुव्यास आल्यावर हे काम उरकावे. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) प्रमाणपत्र २०२१ च्या निर्णयानुसार आजीवन वैध असल्याने त्याचे नूतनीकरण नाही; वरिष्ठ व निवड वेतनश्रेणीसाठी मात्र अनुक्रमे १२ व २४ वर्षांच्या सेवेसोबत विहित प्रशिक्षण आवश्यक आहे.