कुलवृत्तांतकाराची विकिपीडियावर नोंद : पुस्तके मोजू नका, परीक्षणे शोधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुलवृत्तांतकार म्हणून, म्हणजे एखाद्या घराण्याच्या पिढ्यांची माहिती व वंशावळ जुळवून ग्रंथ करण्याचे, काम केलेल्या एखाद्या लेखकावर मराठी विकिपीडियात पान तयार होते, त्याला ‘पान काढा’चा साचा (पान वगळावे अशी सूचनापट्टी) लागतो आणि चर्चापानावर दोन तट पडतात. एक म्हणतो, हयातभर गावोगाव हिंडून त्यांनी बारा-पंधरा पिढ्या जुळवल्या, नोंद हवीच. दुसरा म्हणतो, गूगलवर काही सापडत नाही, काढून टाका. आमच्या मते दोघेही भलतीकडेच पाहतात. त्या लेखकाशी नातेसंबंध वा हितसंबंध नसलेल्या लोकांनी त्याच्याविषयी, त्याच्या कामाविषयी सविस्तर काय छापले आहे, यावर उल्लेखनीयता, म्हणजे विकिपीडियावर स्वतंत्र लेख असण्याची पात्रता, ठरते. काम थोर असूनही त्यावर कोणी लिहिलेले नसेल, तर लेखात घालण्यासारखी पडताळलेली माहितीच हाती उरत नाही.

कुलवृत्तांताच्या बाबतीत खरी अडचण त्याच्या छपाईच्या रीतीत आहे. पुस्तक बहुधा कुलमंडळ (त्या कुळातल्या लोकांची संस्था) किंवा लेखक स्वतः काढतो, खर्च कुलबंधूंच्या वर्गणीतून निघतो, माहितीचे तक्ते घराघरांतून भरून येतात आणि छापलेल्या प्रती त्याच घरांत जातात. म्हणून मंडळाच्या स्मरणिकेतला गौरवलेख किंवा संमेलनातले मानपत्र स्वतंत्र पुरावा ठरत नाही. नामवंत इतिहासकाराची प्रस्तावनाही नाही, कारण ती लेखकाने मागून घेतलेली असते. आयएसबीएन स्वतःचे पुस्तक स्वतः छापणाऱ्यालाही मिळतो. त्यातून पुस्तक ओळखता येते, त्याचे मोल कळत नाही. शंकर गणेश दाते यांच्या ग्रंथसूचीतल्या नोंदीचेही तसेच. १९५० पर्यंतचे मराठी पुस्तक खरोखर निघाले का, केव्हा आणि कुठे, हे तिथे पाहावे. त्यापलीकडचा निष्कर्ष त्या नोंदीतून काढू नये.

वर्तमानपत्रांची कात्रणे सर्वांत जास्त फसवतात. प्रकाशन समारंभाच्या बातमीत पाहुण्यांची नावे असतात आणि पुस्तकावर जेमतेम दोन ओळी. एकच प्रसिद्धिपत्रक चार दैनिकांत छापून आले, तर तो एकच स्रोत मानावा. मुलाखतीत लेखक स्वतःबद्दल बोलतो, त्यामुळे तपशिलाला ती चालते, उल्लेखनीयतेला नाही. निधनानंतर दैनिकाने स्वतः लिहिलेला मृत्युलेख उपयोगी. नातेवाइकांनी पैसे भरून दिलेली श्रद्धांजलीची जाहिरात मुळीच नाही.

मग चालते काय? भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकात, महाराष्ट्र साहित्य पत्रिकेत किंवा एखाद्या दैनिकाच्या पुरवणीत परीक्षकाच्या नावानिशी आलेले परीक्षण. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांच्या चरित्रकोशातली नोंद. आणि इतर संशोधकांनी केलेला वापर. इथे मात्र तळटीप उघडून वाचावी लागते. एखाद्या सरदाराच्या जन्मसालापुरता पुस्तकाचा उल्लेख असेल, तर तो किरकोळ. लेखकाने वंशावळ पेशवे दफ्तराशी, इनाम कमिशनच्या (इंग्रजी अमदानीतल्या इनाम-चौकशीच्या) कागदांशी, महजरांशी (जुन्या निवाडापत्रांशी) किंवा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांशी कशी ताडून पाहिली, याची कोणी चर्चा केली असेल, ती वजनदार. इंग्रजी विकिपीडियाचा लेखकांसाठीचा निकष असाच आहे : समव्यावसायिकांनी वारंवार दिलेले हवाले किंवा महत्त्वाच्या ग्रंथसंपदेवरची अनेक स्वतंत्र परीक्षणे. प्रत्येक भाषेचा विकिपीडिया आपले नियम स्वतः ठरवतो, तरी ही कसोटी मराठीतही न्याय्य आहे. संख्येचा नियम नाही. पण दोन-तीन सविस्तर स्वतंत्र स्रोत नसतील, तर लेख उभा राहत नाही.

आता ‘गूगलवर नाही’ म्हणणाऱ्यांविषयी. जुने मराठी छापील साहित्य जालावर थोडेच आहे, आणि जे आहे त्याची संगणकाने केलेली अक्षरओळख इतकी सदोष असते की शोधात नाव येतच नाही. शिवाय आद्याक्षरे, पूर्ण नाव, ‘काशिनाथ’ आणि ‘काशीनाथ’, ‘कुलवृत्तांत’, ‘कुलवृत्तान्त’ आणि ‘कुळवृत्तांत’ असे सगळे पर्याय घालून पाहावे लागतात. १९६२ च्या लेखननियमांआधीच्या मजकुरात अनुस्वारही वेगळे पडतात. साचा लावण्याआधी निदान दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा पुण्यातले भारत इतिहास संशोधक मंडळ गाठणाऱ्या कुणाला तरी विचारावे. छापील स्रोत पूर्ण ग्राह्य असतो. नियतकालिकाचे नाव, अंक, तारीख आणि पान दिले की पुरे. दुव्याची सक्ती नाही.

शोधूनही लेखकाविषयी पुरेसे मिळाले नाही, तरी पान उडवणे हा एकच मार्ग नसतो. परीक्षणे एकाच ग्रंथावर असतील, तर ग्रंथावर लेख करून लेखकाचे नाव तिकडे पुनर्निर्देशित करावे, म्हणजे ते शोधणाऱ्यापुढे तोच लेख उघडतो. घराण्यावर आधीच लेख असेल, तर तिथे परिच्छेद घालावा. संदर्भ येण्याची शक्यता असेल, तर मजकूर धूळपाटीवर (सदस्याच्या कच्च्या कामाच्या पानावर) ठेवावा. काढलेले पानही नवे स्रोत मिळाल्यावर पुन्हा लिहिता येते. इंग्रजी विकिपीडियावर पान काढण्याची चर्चा साधारण सात दिवस चालते आणि निकाल हात मोजून न लावता युक्तिवाद पाहून लावला जातो. म्हणून कुलमंडळातल्या वीस जणांनी नवी खाती उघडून ‘ठेवा’ लिहिल्याने लेखकाचे भले होत नाही, उलट संशय वाढतो. नातलगांनी आपले नाते उघड सांगून चर्चापानावर संदर्भ द्यावेत, लेख दुसऱ्याने लिहावा. पैसे घेऊन लिहिणाऱ्याला तर २०१४ पासून ते जाहीर करणे बंधनकारक आहे.

पान टिकले, तरी कुलवृत्तांतातले वंशवृक्ष त्यात उतरवू नयेत. विकिपीडिया ही वंशावळीची नोंदवही नव्हे, आणि हयात माणसांच्या जन्मतारखा व पत्ते तिथे जाणे सरळसरळ घातक आहे.

आपल्याला एक विनंती. पुरवणीतल्या ग्रंथपरीक्षणांचे दुवे काही वर्षांनी बंद पडतात आणि त्यांच्याबरोबर पुरावाही जातो. जुन्या परीक्षणांची ग्रंथनाम, परीक्षक, तारीख व पान क्रमांक एवढी साधी सूची जरी आपण संकेतस्थळावर ठेवलीत, तरी यातल्या अर्ध्या चर्चा एका दिवसात मिटतील.

आपले,
मराठी विकिपीडियाचे काही सदस्य, पुणे