सेन्सरने मोजलं, फोनला कळलं नाही: तक्रार पत्र

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: ग्लुकोज सेन्सरचा फोनशी संपर्क तुटणे आणि चाचणी अहवालाची मागणी

महोदय,

माझ्या मुलाला टाइप 1 मधुमेह आहे. त्याच्या दंडावर तुमचा सेन्सर असतो. गेल्या आठवड्यात पहाटे त्याची साखर 58 पर्यंत उतरली. फोन उशाशी होता, आवाज पूर्ण मोठा होता; तरी 70 च्या खाली वाजायला हवा तो इशारा वाजला नाही. पोराचा सदरा घामाने ओलाचिंब लागला म्हणून त्याच्या आईला जाग आली आणि साखरपाणी देता आलं.

तुमच्या हेल्पलाइनचं एकच पालुपद: ग्लुकोमीटरचे आकडे पाठवा, सेन्सर बदलून देतो. अहो, आकड्यांबद्दल तक्रार आहेच कुठे? संपर्क परत जुळल्यावर ॲपमधला तुटलेला आलेख आपोआप भरला गेला आणि त्यात ती घसरण स्वच्छ दिसते. मोजणी बरोबर होती, ती वेळेवर फोनपर्यंत आली नाही. नवा सेन्सरही तेच करणार.

मुलगा सेन्सर असलेल्या दंडाच्याच कुशीवर झोपतो. सेन्सर फोनला आकडे ब्लूटूथने पाठवतो. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतं आणि शरीरातलं पाणी या लहरी शोषून घेतं, त्यामुळे अंग मध्ये आलं की सिग्नल मंदावतो. बरेचसे वायफायही याच पट्ट्यात. आमच्या साखर पेठेत भिंतीला भिंत लागून घरं. शेजारपाजारच्या वायफायची यादी फोनवर संपत नाही. तुमच्या माहितीपत्रकात मात्र ‘अडथळा नसताना सहा मीटर’. रुग्णाने दंड हवेत धरून झोपायचं का?

शरीराइतकाच सिग्नल शोषणारा द्रव भरलेला शरीराचा नमुना सेन्सर आणि फोनच्या मध्ये ठेवून, आजूबाजूला वायफाय चालू असताना किती संदेश पोचले, किती उशिरा पोचले, याची चाचणी तुम्ही केली असेल तर तिचा अहवाल द्या. लहरींच्या गर्दीत उपकरणाचा संपर्क कसा टिकतो हे तपासायला अमेरिकेत सी 63.27 हे मानकच आहे. शिवाय संपर्क तुटल्याची सूचना त्या रात्री फोनवर आली होती, पण बिनआवाजाची! ती मोठ्याने वाजलीच पाहिजे, तेही आम्ही सेटिंग न शोधता.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. वैद्यकीय उपकरणांवर नजर ठेवणाऱ्या केंद्राच्या मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे ही घटना आजच कळवत आहे. आलेखाचे स्क्रीनशॉट आणि बिल सोबत जोडलं आहे.

आपला ग्राहक,
साखर पेठ, सोलापूर