ऐनवेळचे विषय थांबवा : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

आमच्या गावचा आठवडी बाजार नदीकाठावरून उचलून बायपासपलीकडच्या माळावर नेला. भाजी विकणाऱ्या बायांना ते कळलं, जागेभोवती पत्रे ठोकले गेले तेव्हा. मी माहिती अधिकारात नगरपरिषदेच्या सभेचं इतिवृत्त मागवलं. ठराव ‘ऐनवेळच्या विषयां’त, म्हणजे विषयपत्रिकेत नसताना सभेतच आयत्या वेळी घेतलेल्या विषयांत होता. सूचक एक, अनुमोदक एक आणि ‘सर्वानुमते मंजूर’. चर्चेची ओळसुद्धा नाही. सभेला हजर असलेल्या दोन नगरसेवकांना विचारलं, तर हा विषय कधी आला हेच त्यांना आठवेना.

जलवाहिनी फुटली, पूर आला, तर विषय ऐनवेळी घ्यावाच लागतो. पण बाजाराची जागा, गाळ्यांचे भाडेपट्टे, आरक्षित भूखंड, पाणीपट्टीतली वाढ यांत ऐनवेळचं काय आहे? विषयपत्रिकेत नसलेल्या गोष्टीचा अभ्यास नगरसेवक करू शकत नाही आणि ज्याचं पोट त्या जागेवर आहे त्याला हरकत घेता येत नाही.

त्यानंतर ती सभाही राहिली नाही. कित्येक नगरपरिषदांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली आणि डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांपर्यंत तिथे प्रशासक होते. अनेक ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक, म्हणजे प्रस्ताव मांडणारे आणि मंजूर करणारे एकच. आता नवे सदस्य आले आहेत, बरेचसे पहिल्यांदाच. पहिल्या चार-सहा सभांत जो पायंडा पडेल, तोच पाच वर्षं चालेल. म्हणून हे पत्र आत्ता लिहितो आहे.

साहेब, आमच्यासारख्या लहान शहरांचं दुखणं वेगळं आहे. शेजारच्या खेड्यात ग्रामसभा भरते. तिथे कुणीही उठून सरपंचाला हिशेब विचारू शकतो. गावाची नगरपंचायत झाली की तो हक्क संपतो. राज्यघटनेतल्या ७४ व्या दुरुस्तीने प्रभाग समित्या बंधनकारक केल्या, पण तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांसाठी. मधल्या आम्हाला दोन्ही नाही. आमच्याकडे उरतं ते फक्त इतिवृत्त, आणि तेही अर्ज केल्यावर.

महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या भेटीनिमित्त शहर सजवायला हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा विरोधात मत देणारे ते एकटेच. हा पैसा गरिबांच्या शिक्षणासाठी वापरावा, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हा ‘सर्वानुमते’ लिहून मोकळे झाले असते, तर ते एकट्याचं मत आज आपल्यापर्यंत पोचलं नसतं.

माझी मागणी मोठी नाही. जमीन, भाडेपट्टा, कर आणि निविदा यांचे विषय ऐनवेळी घेऊ नयेत, असा स्पष्ट आदेश आपल्या विभागाने काढावा. विषयपत्रिका सभेआधी सात दिवस पालिकेच्या फलकावर आणि प्रत्येक प्रभागात लागावी. इतिवृत्तात कोणी बाजूने, कोणी विरोधात मत दिलं ते नावानिशी यावं. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ तर माहिती मागण्याआधीच द्यायला सांगतं, मग इतिवृत्तासाठी अर्ज का करावा लागावा?

बाजाराच्या नव्या जागेवर अजून पाण्याचा नळ नाही. तो विषय पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर आहे की नाही, हे त्या बायांना फलकावर वाचता आलं पाहिजे.

आपला,
नगरपरिषद हद्दीतला एक करदाता