त्या संध्याकाळी मी ऑर्गनपाशी असेन

ती. आई-बाबांना सा. न.

न आवडणारं आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. तुम्ही आल्यावर ज्या कार्यक्रमाला जायचंय, त्या संध्याकाळी मी तुमच्या शेजारी बसणार नाही. नळ्यांचा मोठा ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंना कन्सोलपाशी, म्हणजे ज्या मेजाशी बसून तो वाजवतात तिथे, मदतनीस हवी होती आणि मी हो म्हटलं. कळवूनही झालंय, तेव्हा आता त्यात बदल नाही. दादा पूर्ण वेळ तुमच्याबरोबर असेल. आई, "एवढ्या लांब बोलावलं आणि दुसऱ्याच्या हवाली केलं" असं मनात आणू नकोस. आणलंस तरी मला फोनवर सांग, दादाला नको.

मी हो का म्हटलं ते सांगते. तुम्हाला वाटेल, पानं उलटायला काय, कुणीही चालेल. पानं उलटणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम. आणि "एवढी मोठी वादक, तिला पाठ नाही का?" हा आईचा प्रश्न मला इथवर ऐकू येतोय. पाठ आहे. मार्सेल द्युप्रे या फ्रेंच ऑर्गनवादकानं १९२० मध्ये पॅरिसला बाख या जर्मन संगीतकाराचं ऑर्गनसाठीचं सगळं संगीत दहा कार्यक्रमांत पाठ वाजवलं होतं, त्यामुळे ऑर्गनवाल्यांना पाठ होत नाही असं कुणी म्हणू नये. पण ऑर्केस्ट्राबरोबर वाजवताना गप्प बसायच्या जागा फार असतात. पन्नास-पन्नास आवर्तनं मोजत बसायचं आणि मग नेमक्या ठोक्याला आत यायचं, तर समोर कागद असलेला बरा.

बाबा, तुम्हाला पेटीवरूनच सांगते. पेटीत भाता तुमच्या हातात असतो. तुम्ही दाब वाढवलात की सूर फुगतो, सोडलात की बसतो. तुमच्या डाव्या हातात काय होतं ते आम्हाला अजून माहीत आहे. ऑर्गनमध्ये हवा विजेच्या पंख्यातून येते आणि दाब कायम एकच राहतो. पट्टी हळू दाबा नाहीतर आपटा, आवाज तेवढाच. म्हणजे ज्याच्या जोरावर वादक "बोलतो" तीच गोष्ट इथे नाही. मग या बाई जोर कसा दाखवतात? सूर कधी सोडायचा यावरून. ज्या सुरावर वजन हवं, त्याच्या आधीचा सूर त्या किंचित लवकर उचलतात. मध्ये केसभर पोकळी राहते आणि पुढचा सूर जड वाटतो. बाकी चढ-उतार स्टॉपनी करायचा, म्हणजे कुठल्या नळ्यांच्या रांगा चालू ठेवायच्या ते ठरवायचं. काही नळ्या झडपा असलेल्या खोलीत कोंडलेल्या असतात, त्या झडपा पायानं उघडायच्या-मिटायच्या.

हे सगळं एकाच वेळी चालतं. उजवा हात पट्ट्यांच्या एका ओळीवर, डावा दुसऱ्या ओळीवर. डावा पाय खालच्या लाकडी पट्ट्यांवर, कधी चवड्यानं कधी टाचेनं. उजवा पाय झडपांच्या पेडलवर. आणि मध्येच अंगठा खाली सरकून ओळीच्या कडेखालचं बटण दाबतो की शंभर नळ्यांच्या जागी हजार बोलायला लागतात. बुटांचा तळ पातळ असतो, पट्टीची कड पायाला लागावी म्हणून. ते बूट रस्त्यावर घालत नाहीत. तळाला एक खडा चिकटला तरी पाय अडतो.

आता मला त्यांचं सगळ्यात जास्त कौतुक कशाचं वाटतं ते सांगते. त्या कानावर विश्वास ठेवत नाहीत. कन्सोल मंचावर, ऑर्केस्ट्राच्या मध्ये; नळ्या मागच्या भिंतीत, उंचावर. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटरना सेकंदाचा दहावा भाग लागतो. ऐकायला एवढंसंच वाटतं. पण मिनिटाला १२० ठोके असतील आणि एका ठोक्यात चार सूर, तर एकेका सुराच्या वाट्याला सेकंदाचा आठवा भाग येतो. म्हणजे इतक्या अंतरावर जवळजवळ एक अख्खा सूर मागे. त्यात मोठ्या नळ्यांना हवा भरून बोलायलाही वेळ लागतो. नवखा वादक स्वतःचा आवाज ऐकून वाजवायला जातो आणि संथ होतो. मग ऑर्केस्ट्रा त्याच्यासाठी थांबतो, ते ऐकून तो आणखी संथ होतो आणि सगळंच बसत जातं. या बाई कंडक्टरच्या काठीकडे बघून, कानाला येईल त्याच्या पुढे वाजवतात. वीस-पंचवीस मिनिटं सलग. मागून येणारा ठेका कानात पडत असताना हात न बिचकू देणं, हे मी भल्याभल्यांना जमताना पाहिलेलं नाही.

आणि म्हणूनच मी हवी आहे. कन्सोलवर बसून सभागृहात काय ऐकू येतं ते कळत नाही. तालमीत त्या वाजवतात आणि मी मागच्या रांगेपर्यंत हिंडून सांगते: व्हायोला (व्हायोलिनची थोरली बहीण) बुडतायत, तो स्टॉप काढा, पायाचा सूर उशिरा येतोय, अजून आधी घ्या. पियानोवाला कुठेही गेला तरी पट्ट्या त्याच ८८. ऑर्गन प्रत्येक वेगळा. कुठे हाताच्या पट्ट्यांच्या तीन ओळी कुठे पाच, आणि एकाच नावाचा स्टॉप एकीकडे कुजबुजतो, दुसरीकडे ओरडतो. तुम्ही ऐकणार आहात त्या पूलांक या फ्रेंच संगीतकाराच्या कॉन्चेर्तोत (ऑर्गन आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या रचनेत) स्टॉप कुठले घ्यायचे ते छापलेलं आहे. ते द्युरुफ्ले या ऑर्गनवादकानं ठरवलं, १९३८ मध्ये पहिल्यांदा वाजवलंही त्यानंच. तरी ते डोळे झाकून इथे लावलं तर तंतुवाद्यं ऐकूच येणार नाहीत. म्हणून रचनेतल्या प्रत्येक जागेसाठी स्टॉपची जुळणी नव्यानं करून ऑर्गनच्या मेमरीत क्रमांकानं साठवायची. सभागृह दिवसा रिकामं नसतं, म्हणून हे रात्री. त्या आठवड्यात मी उशिरा येईन, तेव्हा जागत बसू नका. माझ्याकडे किल्ली आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी घोळ होतो तो बहुधा मेमरीचाच. दुसऱ्या कुणाचा क्रमांक चालू राहिला आणि बटण दाबलं की हळुवार जागी तुताऱ्या वाजतात. सुरू होण्याआधी क्रमांक बघणं माझं काम. दुसरा घोळ म्हणजे सूर अडकणं. हात उचलला तरी नळी बोलतच राहते. असं झालं तर घाबरू नका, बाईंना काही झालेलं नाही. मी एकेक स्टॉप बंद करून रांग शोधते. तेवढ्यानं थांबलं तर ती रांग सोडून पुढे वाजवायचं. नाहीच थांबलं तर तंत्रज्ञ आत जाऊन ती नळीच उचलून काढतो.

पहिल्या भागात पूलांक. फक्त तंतुवाद्यं, टिंपनी (मोठे नगारे) आणि ऑर्गन. सुरुवातच ऑर्गनच्या मोठ्या आवाजानं आहे, दचकू नका म्हणून आधीच सांगून ठेवते. पण शेवटाकडे एकटा व्हायोला आणि मग चेलो येतो ते ऐका. मध्यंतरानंतर सँ-साँस या फ्रेंच संगीतकाराची तिसरी सिंफनी, १८८६ ची. तिच्यात बाई पहिली दहाएक मिनिटं नुसत्या बसून असतील. आई, "हिला काही काम नाही वाटतं" असं दादाला विचारू नकोस, शेजारच्यांना ऐकू जातं! मग पहिला सूर येईल तोही इतका हळू की आला कधी ते कळणार नाही. लोक टाळ्या वाजवतात शेवटच्या भागातल्या त्या प्रचंड सी मेजरच्या मेळाला (एकदम वाजणाऱ्या सुरांना). माझ्या मते अवघड हा पहिला हळुवार मेळ आहे. तंतुवाद्यांचा गज अलगद टेकतो, नळी मात्र एकतर बोलते नाहीतर गप्प असते. दोघांमधला सांधा दिसू न देणं हे त्या सी मेजरपेक्षा कितीतरी कठीण. नव्वद जणांना सहज बुडवता येईल एवढं वाद्य हाताखाली असताना त्या ते करत नाहीत. सी मेजरच्या आधी ऑर्केस्ट्रा विरत विरत शांत होईल. तसं झालं की बाबा, खुर्चीचे हात धरून ठेवा.

बाबा, आता कानाच्या मशीनचं. तुम्ही ते खणात ठेवता हे मला आईनं नाही, दादानं सांगितलं. मशीन बोलण्यासाठी जुळवलेलं असतं. एकच सूर लांबवर स्थिर राहिला की मशीनला वाटतं ही आपलीच शिट्टी, आणि ते तो सूर खोडायला जातं. मग सूर थरथरतो, दोन सूर असल्यासारखे लागतात. पेटी बेसूर झाली म्हणून तुम्ही तिच्यावर कापड टाकलंत ना? ती बहुतेक बेसूर झालेलीच नाही. मला लहानपणी मांडीवर बसवून तुम्ही जी काळी चार दाबायला लावायचात, ती अजून तशीच असेल.

तेव्हा ऑडिओलॉजिस्टकडे जा आणि त्यांना हे शब्द असेच सांगा: संगीतासाठी वेगळा प्रोग्राम द्या, त्यात शिट्टी रोखणारी आणि गोंगाट कमी करणारी सोय बंद किंवा अगदी कमी ठेवा, मोठ्या आवाजाला फार दाबू नका. लगेच तिथेच पेटीसारखा लांब सूर लावून बघायला सांगा. फोनवरचा चालेल. सगळं पूर्वीसारखं ऐकू येईल असं मी म्हणत नाही. पण एक गोष्ट नक्की. इथल्या ऑर्गनमध्ये ३२ फुटी नळ्यांची रांग आहे, त्यातल्या सगळ्यात मोठ्या नळीची सेकंदाला जेमतेम १६ कंपनं. तो सूर चांगल्या कानांनाही नीट ऐकू येत नाही. तो खुर्चीतून, बरगड्यांतून कळतो. सँ-साँसच्या त्या संथ भागात तुम्ही आणि शेजारचा पंचविशीतला मुलगा अगदी सारखेच असाल.

जागा मधल्या रांगांतल्या का नाही घेतल्या, असं दादा म्हणालाच. मुद्दाम नाही घेतल्या. मधून वादकाची पाठही धड दिसत नाही. तुमच्या जागा बाजूच्या सज्जात, ऑर्केस्ट्राच्या वर आहेत. तिथून बाईंचे पाय दिसतात आणि ते बघितल्याशिवाय अर्धं कळत नाही. लिफ्ट सज्जापर्यंत जाते, पायऱ्या दोनच आहेत आणि कठडा आहे. बाबांची खुर्ची कडेची आहे, गुडघा लांब करता येईल. स्वच्छतागृह त्याच मजल्यावर, दारातून बाहेर पडल्यावर डावीकडे. मध्यंतराची घंटा झाल्यावर नाही, टाळ्या सुरू झाल्या की लगेच उठा, म्हणजे रांग लागत नाही.

शाल आणा, आणि "एसी कमी करा" असं कुणाला सांगायला जाऊ नका. तिथली थंडी ऑर्गनसाठी आहे. एका अंशानं हवा तापली की बहुतेक नळ्यांचा सूर साधारण ३ सेंट चढतो. अर्ध्या सुराचे १०० सेंट धरले तर हे थोडं वाटेल, पण दिव्यांनी चार-पाच अंश वाढले की कानाला टोचतं. त्यातून जिभेच्या नळ्या (ज्यांत पेटीसारखी पितळी जीभ थरथरते) तशा चढत नाहीत, त्यामुळे ऑर्गनचं स्वतःशीच पटेनासं होतं. बाकी सगळे आपापली वाद्यं जुळवून घेतील, ऑर्गन नाही जुळवता येत. म्हणून ऑर्केस्ट्रा ऑर्गनचा सूर घेतो आणि सभागृह ज्या तापमानाला जुळवणी झाली त्याच तापमानाला ठेवतात.

येण्याआधी एकदा ऐकून या. ऑलिव्हिए लात्री या फ्रेंच ऑर्गनवादकानं २००६ मध्ये फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राबरोबर पूलांक आणि सँ-साँसच्या या दोन्ही रचना वाजवल्या, ते ध्वनिमुद्रण दादाच्या फोनवर पाठवलंय. त्याबरोबर सॅम्युएल बार्बर या अमेरिकन संगीतकाराची एक रचना आहे, तिच्यात बराच वेळ नुसते पाय वाजवतात. लात्री २३ वर्षांचा असताना पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चचा ऑर्गनवादक झाला. त्याचा हात इतका स्वच्छ आहे की बाकीच्यांचं ऐकायला थोडे दिवस जड जातं. फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. त्यातून खालचे सूर येतच नाहीत, नुसती चिरचिर येते आणि तुमचं मत वाईट होईल. मोठ्या स्पीकरला जोडायचं काम दादाचं. आई, तू फक्त त्याला आठवण कर, स्वतः वायरी ओढू नकोस.

संपल्यावर खाली यायची घाई करू नका. जागेवरच बसा, गर्दी ओसरली की मी वर येईन. बाईंना भेटायचं असेल तर त्या आनंदानं भेटतील, मी बोलून ठेवलंय. फक्त त्यांचा हात जोरानं दाबू नका बाबा. तुम्ही दाबता.

मशीनचे जादा सेल आईच्या पर्समध्ये, सामानाच्या बॅगेत नको. बाबांची रात्रीची गोळी त्या दिवशी कार्यक्रमाआधी घ्यायची की नंतर, ते डॉक्टरांना आत्ताच विचारून घ्या. आणि ऑडिओलॉजिस्टची वेळ मिळाली की तारीख मला कळवा. "बघू" असं उत्तर चालणार नाही.

तुमची,
चिमी